ताटात उरलेलं पितळी बूच

त्याला सगळे भिंगरी म्हणत. आईने ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पुढे बसडेपोच्या हजेरीपटावर होतं. बाकी जगाला तो भिंगरीच. चहा तो उभ्याने प्यायचा, आणि तोही फिरत फिरत. बायको स्वयंपाकघरात त्याच्या हातात कप द्यायची आणि रिकामा कप कधी खिडकीत, कधी जिन्यात, एकदा तर टपालपेटीवर सापडला होता. दाढी करताना मध्येच ब्रश ठेवून तो दाराची बिजागरी घट्ट करायला जायचा, तोंडाला फेस तसाच.

“देवापुढेसुद्धा एका पायावर उभे असतात,” बायको शेजारणीला सांगायची. “भक्ती नव्हे गं. निघायची तयारी.”

डेपोत फिटर म्हणून त्याने उभी हयात घालवली. तिथल्या जुन्या फोरमनने त्याला एक शिस्त लावली होती. गाडी खोलली की तिच्यातून निघालेली बारीकसारीक वस्तू पत्र्याच्या ताटात ठेवायची. गाडी जोडून झाली की फोरमन यायचा आणि गाडीकडे बघायचाही नाही, आधी ताट बघायचा. ताटात एक वायसर जरी उरला असला तरी गाडी दाराबाहेर जायची नाही. भिंगरीच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की निवृत्त झाल्यावरही भरलेलं ताट दिसलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा. आणि उघडं भोक दिसलं की हात आपोआप बूच शोधायला लागायचा.

त्याचा थोरला भाऊ अगदी दुसऱ्या टोकाचा. दादा सैन्यात ट्रकचा ड्रायव्हर होता. एकदा स्टिअरिंगमागे बसला की दगडाची मूर्ती. हलायचे ते फक्त हात आणि डोळे. नोकरी संपली, बायको गेली, मुलगी शिकून लांबच्या शहरात बँकेत लागली, तरी दादा आपल्या घरात एकटा शांतपणे राहत होता. मग एका सकाळी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटायला लागला आणि वाचा गेली ती गेलीच. तोंडातून नुसता एक घोगरा आवाज यायचा, हो म्हणायलाही तोच, नाही म्हणायलाही तोच. इस्पितळातून भिंगरीने त्याला सरळ आपल्या घरी आणलं आणि रस्त्याकडेच्या खोलीत त्याची खाट टाकली.

डॉक्टरांना विचारलं, “ह्याला कळतंय का सगळं?”

डॉक्टर म्हणाले, “कळत असेल. नसेलही. सांगता येणार नाही.”

तेव्हापासून भिंगरीच्या जिवाला थारा नव्हता. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता. पुतणीने आपल्या घराजवळ एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. नर्स, व्यायाम, स्वच्छता, सगळं तिथे होतं. पुतणी हुशार होती, कामाची होती, बापावर जीव टाकणारी होती. वाईट म्हणावं असं तिच्यात काहीच नव्हतं, आणि तेच भिंगरीला अवघड जायचं. भांडायला जागाच नाही.

“काका, तुमचंही वय झालंय,” ती फोनवर म्हणाली. “काकूंचे गुडघे मला माहीत आहेत. बाबांना उचलून बसवतं कोण? त्याच ना?”

“अगं, पण त्याला इथे बरं वाटतंय.”

“कशावरून?”

भिंगरी फोनच्या वायरीला पीळ देत राहिला.

“हे बघा, काका. मी कोण, हे घर कुणाचं, आपल्याला काय हवंय, काय नकोय, एवढं जरी त्यांना कळतंय असं मला दिसलं, तर मी त्यांना हलवणार नाही. पण मला दिसलं पाहिजे. तुम्हाला दिसून उपयोग नाही. तुम्हाला हवं तेच दिसतं.”

महिनाअखेरीस ती येणार होती. बापाला न्यायला, किंवा ठेवायला.

अशातच एकदा तपासणीहून परत येताना टॅक्सी भंगाराच्या आवारावरून गेली, आणि दादाने मान वळवली. इतके दिवस जो माणूस समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा, त्याने मान वळवली ती वळवलीच. आवार मागे गेलं तरी काचेला गाल लावून बघत राहिला. भिंगरीने वाकून पाहिलं. गवतात, मोडक्या कपाटांच्या आड, एक जुना सैनिकी ट्रक उभा होता. टपावरची ताडपत्री गेलेली, गंजाखालून कुठे कुठे हिरवा रंग डोकावत होता.

दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याकडे हजर. भंगारवाला पोट सुटलेला, जिभेचा सैल माणूस. तो म्हणाला, “ने की! माझी क्रेन चालू करून दे आणि हे धूड घेऊन जा. सासरा आल्यासारखं जागा अडवून बसलंय.”

“चालू होतं का?”

“कोण, सासरा?”

क्रेन चालू झाली आणि ट्रक ओढत घराशेजारच्या शेडमध्ये आला. बायको दारात उभी राहून बघत होती.  आत जाऊन तिने देवाला हात जोडले, परत आली आणि विचारलं, “ह्यालाही मीच आंघोळ घालायची का?”

मग भिंगरीचे हात सुरू झाले. सकाळी दादाला खुर्चीत बसवून तो शेडमध्ये आणायचा, शेजारी त्याची काठी ठेवायचा, आणि स्वतः गाडीखाली शिरायचा. इंजिन त्याला ओळखीचं वाटलं. बसच्या इंजिनाचाच आडदांड चुलता. पण बाकीच्या गाडीने त्याला पार चक्रावून टाकलं. जिथे तिथे असं काही निघायचं, जे त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एका दिव्यावर लोखंडी झापड होती आणि उजेडाला नखाएवढी फट. सीटच्या पाठीमागे दोन आकडे, छत्री अडकवावी तसे. भंगारवाला येऊन बघून म्हणाला, “बंदूक, भिंगरीशेठ, बंदूक. तुमच्या बसमध्ये फक्त कंडक्टरची जीभ असायची.” डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, एक गोल स्प्रिंगची पकड होती. रिकामी. तिच्यात काय बसायचं, कोण जाणे. भिंगरीने पाना लावून पाहिला, दिव्याची काच लावून पाहिली, टॉर्चसुद्धा. काहीच बसेना.

सगळ्यात छळलं ते मागच्या दिव्याने. गाडीच्या खाली, पार पोटात, एक बारका दिवा होता आणि त्याचं तोंड मागे नाही, खाली नाही, चक्क मागच्या चाकांच्या आसाकडे. आसाच्या मधल्या गोळ्यावर पांढऱ्या रंगाचा पोपडा. आता आपल्याच आसावर उजेड पाडून कुणाला काय बघायचंय? भिंगरी त्या दिव्यापायी जेवणावरून उठायचा. शेवटी एका संध्याकाळी बायको त्याला बोलवायला आली आणि शेडच्या दारातूनच म्हणाली, “अहो, सगळे दिवे बंद केलेत, मग खाली ते पांढरं काय दिसतंय?”

भिंगरी गाडीखालीच आडवा होता, बॅटरी जोडून बघत होता. तो खालूनच ओरडला, “काय म्हणालीस?”

“पांढरं गोल काहीतरी दिसतंय. इथून. बाकी गाडी दिसत नाही.”

तो सरपटत बाहेर आला, तिच्याशेजारी उभा राहिला, आणि त्याने कपाळावर हात मारला. शत्रूला विमानातून दिसू नये, पण मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी कळावी! म्हणून ते पोटातलं पांढरं. त्याला इतका आनंद झाला की तो दादाच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. “दादा, हे बघून तू गाडी चालवायचास ना? अंधारात, एकामागे एक? होय ना रे?”

दादाने त्याच्याकडे पाहिलं. मग नजर काढून शेडच्या पत्र्याकडे लावली. बस्स.

भिंगरी उठला. विनाकारण एक ढिला नसलेला नट आवळायला लागला.

सीटखालच्या पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक पितळी बूच निघालं. चांगलं मुठीत मावेल एवढं, बाहेरून आटे पाडलेलं, डोक्याला चौकोनी खाच. घासल्यावर सोन्यासारखं झळकलं. कशाचं, ते मात्र कळेना. टाकीचं नाही, रेडिएटरचं नाही. भिंगरीने ते ताटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताटात बूच नाही. शेड उलटीपालटी केली. शेवटी दादाचा सदरा धुवायला काढताना बायकोला खिशात जड लागलं.

“चकाकतं म्हणून उचललं असेल,” ती म्हणाली. “लहान मुलांचं नाही का असतं.”

भिंगरीने ते परत ताटात ठेवलं. पुन्हा नाहीसं. पुन्हा दादाच्या खिशात. ताटात एवढ्या वस्तू असायच्या, दादा डाव्या हाताने नेमकं तेवढंच उचलायचा, मग काठीवर जोर देऊन उठायचा आणि ट्रकच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. पायरी त्याला चढता यायची नाही. भिंगरी धावत जायचा. “अरे पडशील! कुठे निघालास?” आणि त्याला परत आणून बसवायचा. एकदा बुचाच्या जोडीला खिशातून चहाचा चमचाही निघाला. त्यावर बायको हसली, आणि हसता हसता गप्प झाली. कारण दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. पुतणीला हे दिसलं तर?

महिना सरत आला. इंजिन सुरू झालं होतं, अगदी खणखणीत. भिंगरी रोज सकाळ-संध्याकाळ ते फिरवून बघायचा. त्याच्या डोक्यात एकच होतं: पुतणी आली की दादाला ड्रायव्हरशेजारी बसवायचं आणि पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर न्यायचं. त्या सीटवर बसला की दादाचा चेहरा बदलेल आणि पोरीला ते दिसेल. दिसलंच पाहिजे.

फक्त एक खोट होती. इंजिन चालू असताना क्लचच्या कवचाखालून तेलाचे थेंब पडायचे. इंजिनाचं तेल अडवणारा सील जुना, थोडा झिरपणारच. तो बदलायचा तर अख्खं इंजिन उतरवावं लागलं असतं आणि तेवढा वेळ नव्हता. थेंब कुठून येतो ते बघायला भिंगरी खाली शिरला, चिखलाचा थर खरवडला, आणि त्याच्या तोंडून शीळच निघाली. कवचाच्या तळाला एक गोल भोक होतं. आटे पाडलेलं. उघडं.

त्याने दादाच्या खिशातून बूच काढून घेतलं, खाली जाऊन भोकाला लावलं. बूच तेलावरून फिरावं तसं आत गेलं आणि घट्ट बसलं. डेपोतल्या बसगाड्यांनाही अशी भोकं असतात, पण ती बारीक, खिळ्याएवढी. हे तर आटे पाडून मुद्दाम बुचासाठी केलेलं. भिंगरीने इंजिन सुरू केलं. एक थेंब नाही. ताट रिकामं, भोक बंद, गळती बंद! फोरमन असता तर पाठ थोपटली असती.

“दादा, सापडलं बरं का तुझ्या खेळण्याचं घर!” तो गाडीखालूनच ओरडला.

आणि दादा खवळला. इतका की भिंगरीने जन्मात त्याला तसं पाहिलं नव्हतं. काठीने त्याने मडगार्डवर दणके घातले, घोगरा आवाज काढत खुर्चीतून उठला, आणि भिंगरी बाहेर आल्याबरोबर डाव्या हाताने त्याची गळपट्टी धरली. तोंडातून लाळ गळत होती. डोळे लाल.

“अरे, देतो! दुसरं काहीतरी देतो चकाकतं!” भिंगरी म्हणाला, पण दादाने गळपट्टी सोडली नाही, उलट त्याला खाली, गाडीखाली रेटायला लागला. तेव्हा भिंगरीचाही तोल सुटला. “तुझ्यासाठी मरमर मरतोय ना मी इथे! कुणासाठी करतोय हे सगळं? आणि तू एका बुचासाठी भावाचा गळा धरतोस?”

बायको धावत आली, दादाची बोटं एकेक करून सोडवली, त्याला आत नेलं. भिंगरी शेडमध्ये एकटाच येरझारा घालत राहिला. मग घरात जाऊन त्याने पुतणीला फोन लावला. म्हणाला, “तू म्हणतेस ते खरं असेल, बाळ. त्याला काही उमगत नाही. तू ये आणि घेऊन जा त्याला.”

बायकोने दारातून ऐकलं.  संध्याकाळी चहा ठेवताना एवढंच म्हणाली, “मला एक सांगा. वेड्या माणसाला राग येतो, तेव्हा तो कुणालाही मारतो. भाऊजींनी मला हातही लावला नाही. फक्त तुम्हाला धरलं, आणि खाली ढकललं. का?”

 भिंगरी कप घेऊन फिरायला लागला.

पुतणी आली ती छोटी बॅग घेऊन. बापाच्या पायाशी बसली, गालावरून हात फिरवला, नखं वाढलेली दिसली म्हणून पर्समधून नेलकटर काढून लगेच कापायला लागली. दादा बघत राहिला. तिच्याकडे की तिच्या पलीकडे, ते कळायला मार्ग नव्हता.

“परवाची टॅक्सी सांगितलीय,” ती काकूला म्हणाली, आणि काकूने भांड्यांचा आवाज जरा जास्तच केला.

पण भिंगरीला राहवेना. ठरलं ते ठरलं, तरी ट्रक चालू झाला होता आणि एकदा, एकदाच, दादाला त्यात बसवायचं होतं. त्याने ट्रक शेडबाहेर काढला, पायरीला स्टूल लावलं. “चल, दादा. टाकीपर्यंत.”

दादाने दोन पावलं टाकली. मग वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, सरळ झाला आणि फाटकाचा गज धरून उभा राहिला. सोडेना. भिंगरीने हात धरला तर हात झटकला.

पुतणी हळूच म्हणाली, “काका, राहू द्या ना. ओळखतही नाहीत हो ते. उगाच भीती वाटते त्यांना.”

“भीती? ह्याला? ह्याला गाडीची भीती?” भिंगरीचा आवाज चिरकला. “तू तरी बस! कुणीतरी बसा!”

त्याच्या समाधानासाठी ती बसली. ट्रक गुरगुरत निघाला, सपाटीवर छान पळाला. टेकडीचा चढ लागला तसा भिंगरीने गिअर बदलला, आणि इंजिन आकाशपाताळ एक करत ओरडायला लागलं, पण गाडी पुढे सरकेना. जळका, उग्र वास आला. ट्रक जागच्या जागी थरथरला आणि मागे सरकला. भिंगरीने ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. शेजारी बघतो तर पुतणी सीटवर नाही. तिने उडी मारून रस्त्याकडेचा एक धोंडा लोटत आणला होता आणि मागच्या चाकाला लावला होता.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“बाबांनी,” ती धापा टाकत म्हणाली. “चढावर गाडी थांबली की आधी दगड, मग प्रश्न.”

भिंगरी पाना घेऊन खाली शिरला. क्लचचं कवच चटका बसेल एवढं गरम होतं. त्याने फडकं धरून बूच सैल केलं, आणि शेवटच्या आट्याला काळं तेल भळाभळा त्याच्या बाहीवर, मानेवर, रस्त्यावर सांडलं. तो बाजूला झाला नाही. तसाच पडून राहिला.

ते भोक उघडंच ठेवायचं होतं. सील झिरपतो, तेल खाली जमतं, त्या भोकातून निघून जातं. त्याने वाट बंद केली, तेव्हा तेल आतल्या आत चढत गेलं आणि क्लचची प्लेट भिजून सुळसुळीत झाली. आटे असले म्हणून काय झालं? उभं आयुष्य भोकं बुजवण्यात गेलं, म्हणून बंद करायला धावला. आणि दादा त्याला खाली ढकलत होता. मारायला नाही. काढायला!

तो बाहेर आला तो तेलाने माखलेला. डोळे तेवढे पांढरे. “तुझ्या बाबांनी मला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “रोज सांगत होते. बूच उचलून खिशात ठेवत होते. मी म्हटलं पोरखेळ. मी लावलं, तेव्हा गळा धरला माझा. आज खाली वाकून बघितलं आणि बसले नाहीत. तू पाहिलंस ना?”

 पुतणी म्हणाली, “काका, खिशात चमचाही होता. काकूंनी सांगितलं मला.”

भिंगरीला वाटलं, म्हणावं, चमचा नव्हता. पण होता. “हो,” तो म्हणाला. “चमचा होता.”

“मग एवढ्यावर मी कसं मानू?”

तेल गळून गेलं, क्लच निवला, आणि ट्रक उतारावरून मागे मागे घेत त्यांनी कसाबसा घरी आणला. दादा अजून फाटकाचा गज धरून उभा होता. शेजारी काकू. भिंगरी उडी मारून धावणार, तेवढ्यात पुतणीने त्याच्या हातातून बूच काढून घेतलं.

“मी देते. तुम्ही लांब उभे राहा. बोलायचं नाही, खूण करायची नाही. काकू, तुम्हीही.”

तिने शेडमधलं पत्र्याचं ताट आणलं. त्यात बूच ठेवलं, काकूकडून चहाचा चमचा मागून ठेवला, एक नवा झगझगीत नट ठेवला, आणि ताट बापापुढे धरलं. भिंगरी हात पाठीमागे बांधून उभा राहिला. हात सुटत होते, पुन्हा बांधत होता. बायकोचे ओठ हलत होते. देवाशी काय बोलत होती, ते तिचं तिला ठाऊक.

दादाने चमच्याकडे पाहिलं. चमचा उचलला.  दादाने तो चमचा काकूपुढे धरला, घे, तुझा आहे, अशा थाटात. मग बूच उचललं. सदऱ्याच्या बाहीला पुसलं, आट्यांवर फुंकर मारली आणि ट्रकच्या दाराकडे निघाला.

पुतणीने त्याला धरलं. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने काकू, स्टुलावरून त्यांनी त्याला वर चढवलं. दादा स्टिअरिंगमागे बसला. खाली वाकला, न बघता डावा हात डॅशबोर्डखाली नेला, आणि खट् आवाज झाला.

ती रिकामी स्प्रिंगची पकड! जिच्यात पाना बसला नव्हता, टॉर्च बसला नव्हता. त्या पकडीत पितळी बूच असं जाऊन बसलं की जणू काल संध्याकाळीच तिथून काढलं होतं.

भिंगरीला लांब उभं राहवलंच नाही. “अरे, पण मग ते लावायचं कधी? असतं कशाला ते?”

“काका!”

पण दादाने ऐकलं होतं. त्याने डावा तळवा आडवा धरला, पायाच्या घोट्यापाशी. मग गुडघ्यापाशी. मग पार छातीपाशी, आणि तळहात संथ डुलवला. मग बोटांनी हवेत फिरकी घेतली, आवळल्यासारखी. तळवा पुन्हा खाली गेला, आणि आता उलटी फिरकी.

“पाणी,” काकू म्हणाली. “अहो, पाणी! नदीतून गाडी न्यायची तेव्हा लावायचं. पलीकडे गेलं की काढायचं.”

दादाने मान मागे टेकली आणि डोळे मिटले, दमला होता. एका बुचासाठी केवढा व्याप करावा लागला माणसाला. पुतणी पायरीवर उभी होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते. भिंगरीने बायकोकडे पाहिलं. बायकोने नजरेनेच सांगितलं, आता तोंड उघडाल तर बघा.

पुतणीने नाक पुसलं. “बाबा,” ती म्हणाली, “मी अजून तुम्हाला विचारलंच नाही. सगळ्यांना विचारलं. डॉक्टरांना विचारलं, आश्रमवाल्यांना विचारलं. तुम्ही माझ्याकडे येताय की इथे राहताय?”

दादाने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, आणि ह्या वेळी तिच्या पलीकडे नाही, तिच्याकडेच. डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. मग तिला खुणेने पायरीवरून खाली उतरायला लावलं, हात लांब करून दाराचं हँडल पकडलं, आणि धाडकन दार आतून लावून घेतलं.

काकूला हसू आवरेना. पुतणी रडता रडता हसायला लागली. “बरं,” ती बंद दाराला म्हणाली. “बरं, बाबा. कळलं.”

टॅक्सी आली ती तिला एकटीला घेऊन गेली. जाण्याआधी ती काकूला म्हणाली, “उचलाउचलीला मी बाई बघून देते, तिथे नाही म्हणायचं नाही. आणि रोज फोन त्यांच्या कानाला लावायचा. बोलले नाहीत तरी लावायचा.”

आता भिंगरीने इंजिन उतरवलंय. सील बदललाय, क्लचची प्लेट बदललीय. बाकी सगळं रीतसर झालंय. पण नव्या सीलमधूनही कधीमधी एखादा थेंब त्या उघड्या भोकातून शेडच्या फरशीवर पडतोच. त्या वेळी भिंगरी कुठेही असो, त्याला ते कळतं. त्याचा हात खिशाकडे जातो. खिशात काही नाही. बूच डॅशबोर्डखाली पकडीत आहे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे दादाचा गुडघा आहे. दादा आरशातून त्याच्यावर लक्ष ठेवून असतो.

भिंगरी फडकं घेतो, वाकतो, थेंब पुसतो. उभा राहतो. दोन येरझारा घालतो.

टप्.

पुन्हा वाकतो.